वरच्या खोलीची पाहणी

खासबागेतल्या घराची वरची खोली पद्मावतीआक्कांनी निपाणीच्या अदितीला भाड्याने दिली, त्याला तीन महिने झाले होते. मुलगी शाळेत शिकवायची, येणंजाणं वेळेवर, बोलणं मोजकं. हे मोजकं बोलणंच आक्कांना खुपत होतं. एवढी गप्प राहणारी माणसं काहीतरी लपवतात, असं त्यांचं मत. आक्कांच्या जैन घरात चातुर्मासात कांदासुद्धा चिरला जात नसे. वर मात्र अंडी शिजत असणार, हा संशय डोक्यात पक्का बसला होता.

अदिती शाळेत गेली की आक्का दुसऱ्या किल्लीने खोली उघडायच्या. डबे हुंगायच्या, केराची बादली बघायच्या. काही सापडलं नाही की संशय वाढायचाच. लई हुशार हाय पोरगी, मागं काही ठेवत न्हाय!

"पाहणीला जायचं तर आदल्या दिवशी कळवायचं, असं करारात हाय," त्यांचे पती पार्श्वनाथ म्हणाले. "सही तूच केलीस."

"ते निस्तं लिहायला असतंय. सांगून गेल्यावर काय सापडणार, तुमचं डोस्कं?"

पार्श्वनाथ हसले आणि पुन्हा पेपरात शिरले.

त्या सोमवारी कपाटाच्या तळाशी एक प्लॅस्टिकची पिशवी सापडली. तोंड दोऱ्याने आवळलेलं, वरून आणखी एक पिशवी. आक्कांनी ती बाहेर ओढली. गावलं एकदाचं! गाठ सोडली, तर आत जुनं सुती पातळ. घामाचा, डोक्याच्या तेलाचा वास येत होता. आक्का ओशाळल्या. मग त्यांना पोरीची कीव आली. धुवायला सवड मिळत नसेल. पातळ खाली नेऊन त्यांनी साबणाने स्वच्छ धुतलं आणि गच्चीवर वाळत घातलं. खोलीत गेल्याचं कळलं तर कळू दे, मी काय परकी हाय?

संध्याकाळी अदिती गच्चीवर आली आणि थबकली. तिने दोरीवरच्या पातळाचा पदर नाकाशी धरला.

"आक्का, हे तुम्ही धुतलंत?"

"व्हय गं. लई कळकट झालतं."

"आईचं होतं. दवाखान्यात नेलं त्या दिवशी नेसलेलं. त्याला तिचा वास होता."

"आई... कधी गेली?"

"इथे यायच्या आधी महिनाभर."

"कधी बोलली न्हाईस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

तिने ओलसर पातळ घडी करून उचललं आणि आत जाऊन कडी लावली.

दिवस मावळायच्या आत जेवायचा घरचा नेम, पण आक्कांचं ताट तसंच राहिलं. "मी वाईट काय केलं? धुतलंच की," त्या पुटपुटल्या.

"भिंती आपल्या हायत पद्मा, आतलं बिऱ्हाड तिचं," पार्श्वनाथ म्हणाले. "तू सांगून गेली असतीस तर ती म्हणाली असती, त्या पिशवीला हात लावू नका. एवढं बोलायला तिला मिळालं न्हाय. करारातली ती ओळ त्यासाठीच. अन् मी बी तुला अडवलं न्हाय."

आक्कांनी दुसऱ्या दिवशी माफी मागितली. अदिती "बरं" म्हणाली, आणखी काही नाही. तिचं गेलेलं परत देणं कुणाच्याच हातात नव्हतं.

पुढे छत गळू लागलं, तेव्हा आक्कांनी दार वाजवलं आणि बाहेरच थांबल्या.

"उद्या गवंडी आणू का गं?"

"उद्या नको, आक्का. रविवारी या. मी घरी असेन."

उद्याच का नको? जुना संशय जरा हलला. आक्कांनी तो गिळला. "बरं, रविवारी," म्हणून त्या जिना उतरल्या.

भाडेकरू ठेवणाऱ्या आपण सगळ्यांनीच हे ध्यानात घ्यावं. आधी कळवून, विचारून जाणं हे आपले उपकार नव्हेत. तो आत राहणाऱ्या माणसाचा हक्क आहे. आपण शोधायला जातो एक, आणि मोडून येतो भलतंच.