मेहरूनसाठी ठेवलेली घडी

साड्यांच्या बाबतीत मी कोणाचं ऐकून घेत नाही. घरातले त्यावरून चिडवतात, चिडवू देत. आमच्या घणसोलीच्या सोसायटीत कोणाच्या इरकलीचा रंग उतरला, कोणाच्या जरीवर काळे डाग पडले, की माझ्या दाराची बेल वाजते. मी आधी बोलून घेते आणि मग उपाय सांगते. सुती साडी रिठ्याच्या पाण्यात धुवायची, पहिल्या धुण्याला पाण्यात मूठभर मीठ, आणि बादलीत ती एकटीच. वाळवायची सावलीत. इस्त्री करताना जरीवर जुन्या धोतराचा तुकडा टाकायचा. रेशमाला डांबरगोळी लागू द्यायची नाही, लवंगा आणि वेखंड फडक्यात बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवायचं. आणि वर्षातून दोनदा तरी प्रत्येक साडीची घडी बदलायची. त्याच घडीत पडून राहिलेलं रेशीम रेघेवर चिरतं, त्यात इथली खाडीची दमट हवा. हे मी इतक्या जणींना इतक्यांदा सांगितलंय की आमचे हे, उदयसिंह, मी तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्य म्हणून दाखवतात.

मार्गशीर्षात हवा कोरडी होते तेव्हा मी सगळं कपाट पलंगावर काढते. सासूबाईंची नऊवारी लुगडी अजून माझ्याकडे आहेत. त्यांची घडी घालायला दोन माणसं लागतात. एकीने पदराकडची दोन टोकं धरायची, दुसरीने दुसरीकडची, मिळून एक झटका द्यायचा आणि मग एकीने चालत येऊन आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची. या फ्लॅटमध्ये मी पलीकडचं टोक खिडकीच्या ग्रिलला चिमट्यांनी लावते. काम होतं. पण ग्रिल काही चालत पुढे येत नाही.

चालत यायची मेहरून. वाशीच्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये तिचं दार माझ्या दारासमोर होतं. हे दाणाबाजारात कामाला, तिचे मकबूलभाई फळबाजारात. मी कोरेगावची, ती म्हसळ्याकडची. मी मोठ्याने बोलणारी आणि ती हळू, पण माझ्यापेक्षा हट्टी. दुपारी पुरुष बाजारात आणि पोरं शाळेत गेली की आम्ही गॅलरीत साड्यांचा पसारा मांडायचो. नऊवारीला पुरेल एवढी लांब गॅलरी होती ती. मेहरून पलीकडच्या टोकाला उभी राहायची, झटका द्यायची आणि गप्पा मारत मारत माझ्याकडे यायची. साडी हातात देताना तिचे गार हात माझ्या हातांना लागायचे. एवढंच. पण हल्ली ग्रिलचे चिमटे काढताना मला तेच आठवतं आणि मग दिवसभर कोणाशी बोलावंसं वाटत नाही.

आमच्याकडे नवी साडी आपण आधी नेसत नाही. जिचं पाऊल चांगलं मानतो अशा बाईला घडी मोडायला देतो. तिने ती नेसून घरभर हिंडायचं, मग साडी आपली. मी पहिल्यांदा मेहरूनला घडी मोडायला दिली तेव्हा सासूबाई काही दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. पण तिने घडी मोडलेली साडी मी वर्षानुवर्षं वापरली, तिला ना डाग पडला ना कुठे खोंबारा लागला, हे त्या बघत होत्या. एका दिवाळीला त्यांनी स्वतःचं नवंकोरं इरकल उचललं आणि मेहरूनच्या दारात जाऊन म्हणाल्या, "हे नेस आणि ये चार पावलं फिरून." त्यानंतर आमच्या घरातल्या प्रत्येक साडीची घडी तिनेच मोडली.

एक साडी सोडून. ती वांगी रंगाची पैठणी आम्ही दोघींनी मिळून घेतली होती. माझा मुलगा विश्वजित तेव्हा कॉलेजात होता. मी म्हटलं, "पोराचं लग्न तरी ठरू दे." मेहरून दुकानातल्या गादीवरून उठायलाच तयार नव्हती. "लगीन कवा बी ठरंल. ह्यो वांगी रंग परत गावनार हाय का?" बाहेर पडताना पिशवी तिच्याच हातात होती. "आनि आयक, हिची घडी मीच मोडनार. तुज्या घरात, विश्वजितच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. तवर हात लावायचा नाय."

नंतर बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. आम्ही भाड्याने इकडे आलो. मकबूलभाईंना त्याच सुमारास अर्धांगाचा झटका आला आणि मेहरून त्यांना घेऊन गावी गेली. निघताना म्हणाली, "ईद झाली का येते." तिने खोटं सांगितलं नव्हतं. प्रत्येक ईदनंतर ती निघायचीच, आणि प्रत्येक वेळी मकबूलभाईंना उठवून बसवणारं दुसरं माणूस मिळायचं नाही. मी गेले नाही त्यालाही कारणं होती. आमच्या यांची बायपास झाली, सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि गेल्या. खरं सांगायचं तर मी रुसलेही होते. येते असं ती म्हणाली होती, मी नाही. फोनवर आम्ही तब्येती विचारायचो आणि शेवटी ती विचारायची, "पैठनी बरी हाय ना?" मी सांगायचे, "आहे तशीच आहे."

आणि ती खरंच तशीच होती. दुकानातल्या घडीत, धोतराच्या फडक्यात, सगळ्या साड्यांच्या तळाला. वर ठेवली की नणंदा बघणार, एखादी म्हणणार, वहिनी, द्या की एकदा नेसायला. म्हणून तळाला. दर मार्गशीर्षात मी ते पुडकं बाहेर काढायचे, वारा द्यायचे, उलटं करायचे आणि परत तळाला ठेवायचे. हे म्हणायचे, "उलगडून बघ तरी एकदा." मी सांगायचे, "मेहरून आली की." ती घडी आहे तोवर मेहरूनला यावंच लागेल असं माझ्या मनाने घेतलं होतं. त्या साडीवर माझा नाही, तिच्या येण्याचा हक्क होता.

विश्वजितचं लग्न ठरलं. माघातला मुहूर्त, कोपरखैरण्यात हॉल. मी पहिला फोन मेहरूनला केला. ती म्हणाली, "दीर येतो म्हनालाय दोन दिस ह्यांच्याकडं. तूबा मना गाडीतनं आननार हाय." तूबा म्हणजे तिची लेक, पनवेलला नोकरी करते. त्या दिवसापासून मी लग्नाची तयारी करत होते की मेहरून येण्याची, ते माझं मलाच कळत नव्हतं.

हळदीच्या दिवशी सकाळी ती आली. लिफ्टचं दार उघडलं आणि मी बघतच राहिले. मेहरून वाळली होती, काठी घेऊन चालत होती. माझ्या डोक्याकडे बघून म्हणाली, "सगली पिकलीस की गं." मी म्हटलं, "आत ये, बाकीचं आत बोल." पाहुण्यांच्या गर्दीतून मी तिला थेट आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. चहासुद्धा विचारला नाही. कपाटाच्या तळातून पुडकं काढून तिच्या हातात ठेवलं.

"तशीच हाय," ती म्हणाली आणि साडीवरून हात फिरवत राहिली.

"पदर धर," मी म्हटलं.

तिने काठी भिंतीला टेकवली. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने आम्ही दोघींनी मिळून झटका दिला. चर्र असा आवाज झाला.

साडी मधल्या घडीवर हातभर चिरली होती. पदरावर, मोराच्या मानेपाशी, जरीच्या रेघेवर आणखी एक चीर होती. मी साडी खिडकीशी नेली तर बाकीच्या घड्यांमधूनही उजेड दिसत होता. मी ती पलंगावर टाकली आणि शेजारी बसून रडले. बाहेर करवल्या गाणी म्हणत होत्या, मांडवात लागणाऱ्या वस्तू शोधायला बायका दार वाजवत होत्या, आणि नवरदेवाची आई आत हुंदके देत होती.

"माला," मेहरून म्हणाली, "तू घडी बदलली नाय? तू?"

"तुझ्याशिवाय कशी बदलणार होते?"

"बदलली असतीस तरी पयली नेसनारी मीच की."

हे माझ्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं. सगळ्या सोसायटीला शहाणपण वाटणाऱ्या बाईला एवढं सुचू नये. मी म्हटलं, "मला वाटलं, मी उलगडली तर तू येणार नाहीस." मोठ्याने बोलल्यावर ते किती खुळ्यासारखं आहे ते मला कळलं. पण ते खरं होतं.

मेहरून हसली नाही. तिने माझ्या शेजारी बसून साडीचं आतलं टोक शोधलं. ब्लाऊजपीस अजून साडीलाच जोडलेलं होतं. साडी उलगडायची नाही म्हणून मी लग्नासाठी जरीच्या रंगाचं वेगळंच ब्लाऊज शिवून घेतलं होतं. "कातर दे," ती म्हणाली.

"पैठणीला ठिगळ लावणार?"

"मग काय, फाटकी नेसून नाचशील सुनंसमोर? सुई पन आन, बारीक नाकाची."

दुपार आम्ही त्या खोलीत काढली. तिने ब्लाऊजपीसच्या पट्ट्या कापल्या, चिरांच्या मागून लावल्या, आणि मी टाके घातले. तिला आता सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून दोराही मीच ओवला. तूबा चहा घेऊन आली, आम्हा दोघींकडे पाहिलं आणि कप ठेवून गेली. शिवता शिवता मेहरून सांगत होती. मकबूलभाई आता फक्त तिच्या हातचंच खातात. रात्री घराचा पाठीमागचा दरवाजा लावताना तिला गॅलरी आठवते. "बोलायला कोनी नाय असं नाय," ती म्हणाली, "पन दुसरं टोक धरायला कोनी नाय." माझ्या टाक्याची गाठ तिथे चुकली आणि मी परत उसवली.

संध्याकाळी ती पैठणी नेसून बाहेर आली. हळदीच्या मांडवात पैठणी नेसलेली ती एकटीच बाई होती. माझी मोठी नणंद म्हणाली, "अगंबाई, हळदीत कोणी पैठणी नेसतं का?" मी म्हटलं, "घडी मोडतेय ती. तुम्ही ताट धरा." मेहरूनने काठीवर भार देत घरभर फेरी मारली. स्वयंपाकघर, हॉल, देवघराचा उंबरा, विश्वजितच्या खोलीचं दार. विश्वजितने वाकून तिच्या पाया पडताना हळदीचे हात लांब धरले. ठिगळं निऱ्यांत गेली होती, मोराच्या मानेवरची चीर तिने पिनेने खांद्यावर घेतली होती. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये मी ती नेसले. साडी उंची आहे असं सगळ्या जणी म्हणाल्या. निऱ्या मेहरूनने घातल्या होत्या.

लग्नानंतरच्या सकाळी तिला निघायचं होतं. दिराला थांबता येणार नव्हतं. मी पैठणी रात्रभर वाऱ्यावर टाकली होती. आम्ही दोघींनी तिची घडी घातली, नवी, जुन्या रेघांपासून बाजूला. मेहरून काठीशिवाय चालत माझ्याकडे आली आणि टोकं माझ्या हातात दिली. हात तेवढेच गार होते. मी ते सोडले नाहीत. तूबा खाली गाडी काढायला गेली होती, तोवर घाई नव्हती.

मग मेहरूनने घडी माझ्या हातातून काढून घेतली, धोतराच्या फडक्यात बांधली आणि आपल्या पिशवीत ठेवली.

"अगं, ती कुठे नेतेस?"

"म्हसल्याला. लई वर्सं तू सांबाळलीस, आता मी."

जे नेहमी बोलते तेच तोंडातून आलं. "बरं, तळाला ठेवू नकोस. तुमच्याकडे समुद्राची हवा, लवंगा टाक. आणि घडी बदलत जा. ती आधीच विरलीय, आता फार दिवस एका घडीत टिकणार नाही."

"मी नाय बदलनार," मेहरून म्हणाली. तिने पिशवीची चेन लावली आणि काठी उचलली. "ही तू घातलेली घडी हाय. ती तूच येऊन बदल."

लिफ्ट खाली गेली. मी खिडकीशी जाऊन गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिले, मग आत आले. हॉलमध्ये पाहुण्यांच्या पिशव्या, हार, हळदीची भांडी, सगळं तसंच पडलं होतं. उदयसिंह खुर्चीत बसून चहा पीत होते. "काय गं, पैठणी दिलीस तिला?" त्यांनी विचारलं.

"दिली नाही, तिने नेली." मी त्यांच्यासमोर बसले. विरलेलं रेशीम घडीवर किती दिवस तग धरतं, ते या घरात माझ्याइतकं कोणाला माहीत नाही. "अहो," मी म्हटलं, "पनवेलहून म्हसळ्याला सकाळची गाडी किती वाजता सुटते?"