खंडेनवमीचा घोडा

"शहराच्या मधोमध असलेलं हे रेसचं मैदान ऐतिहासिक महत्त्वाचं आहे, कारण"

कारण.

आठवडाभर मी इथेच अडकले आहे. मैदान ऐतिहासिक मानायचं की नाही, याचा अहवाल आमच्या व्हाइटफील्डच्या ऑफिसनं द्यायचाय आणि तो माझ्या गळ्यात पडलाय. स्टँड काँक्रीटचा, वयानं माझ्याहून थोडा मोठा. कठडे ॲल्युमिनियमचे. गवत तर सारखं नवं लावतात. जुनं आहे ते फक्त ट्रॅकचं वळण, आणि वळणाचा फोटो काढला की नुसतं गवत येतं.

"कारण येथे"

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, उत्तर ठाऊक आहे. "आपलं लिही की. घोडदळातली माणसं आपण. खंडेनवमीला घोडा पुजतो. तीनशे वर्षं."

"रेसचा घोडा, अण्णा?"

"घोडा तो घोडा."

पूजा खरी आहे. दर खंडेनवमीला आम्ही चामराजपेटहून ताट घेऊन मैदानाच्या मागच्या फाटकाशी जातो. ओळखीचा मोतद्दार तबेल्यातून एक घोडा बाहेर आणतो. कुंकू, झेंडू. घोडा झेंडू खातो. आम्ही घरी येतो.

सकवारबाई, अण्णांची थोरली बहीण, घरात सगळ्यांचीच अक्का, घेवडा मोडत बसली होती. "कसली तीनशे रे रघू. बाबा जटका हाकत होते. एक गाडी, एक घोडा, मार्केटचं भाडं. घोडा मेला, त्या नवमीला बाबा ताट घेऊन चामराजपेटभर हिंडले. बैल मिळाला, घोडा नाही मिळाला. मग कोणीतरी म्हणालं, रेसकोर्सवर जा."

"अक्का, स्वल्प गप्प बस."

"घोडदळ म्हणे. एका घोड्याचं दळ."

मला अक्काचंच पटलं. लिहिलं:

"कारण शहरातले घोडे संपल्यावर पूजेला घोडा मिळेल अशी ही एकच जागा उरली."

प्रणीत, माझा बॉस, पुण्याचा. त्याचा फोन आला. "नाइस आहे गं दिव्यश्री, पण घरगुती वाटतं. शंभर तरी वर्षं हवीत. तुझे वडील म्हणतात ते तीनशेचं काही मिळतं का बघ ना."

खरं सांगावं तर वय कमी पडतं. वय वाढवावं तर खोटं होतं.

"कारण"

नवमीच्या सकाळी फाटक बंद. वर पाटी: पाहणी सुरू असल्यामुळे बाहेरच्यांना प्रवेश नाही.

पाहणी आमचीच.

वॉचमननं माझा पास पाहून मान डोलावली. "सरी मेडम, तुम्ही जा. ताट नको. हे अण्णा पण नको."

"मी हिचा बाप आहे," अण्णा म्हणाले.

"तरी नको."

मी प्रणीतला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. अण्णा तोवर वॉचमनला आपलं घोडदळ ऐकवत होते आणि वॉचमन रस्त्याकडे बघत होता. शेवटी मी ताटातल्या कुंकवात अंगठा बुडवला, मूठ मिटली आणि आत गेले.

मोतद्दारानं घोडा धरला. माझ्या अंगठ्याला घाम आला होता. घोड्यानं मान झटकली. कुंकू कानाच्या मुळाशी लागलं, उरलेलं माझ्या बाहीला.

बाहेर आले तर अण्णा तिथेच. "लागलं?"

"कानाला."

"कानाला? एवढं मोठं कपाळ असतं त्याचं." मग ताटाकडे बघत म्हणाले, "आणि हा झेंडू आता कोण खाणार?"

मी तिथेच फोनवर अहवाल उघडला.

"कारण त्याच्या पाहणीसाठी फाटक लावलं, तर एक म्हातारा ताट घेऊन बाहेर उभा राहतो."

पाठवलं. आता मात्र प्रणीतचं उत्तर लगेच आलं: पुरावा?

"अण्णा, फाटकाला लागून उभे राहा. ताट दिसू दे."

"कशाला?"

"अहवालात फोटो घालायचाय."

अण्णांनी टोपी सारखी केली, छाती काढली, ताट पुढे धरलं.

"मग खाली तीनशे लिही," ते म्हणाले.