तुडुमावरचा खुशाल

आमच्या तळ्यात एकेकाळी वाम मासे एवढे लांब होते, की डोकं आम्ही धरायचो आणि शेपटी ओढायला शेजारच्या गावची माणसं बोलवावी लागायची. हे खोटं वाटलं तर वाटू द्या. पण खुशालची गोष्ट खरी आहे, आणि ती सांगताना माझं डोकं अजून तापतं.

कुंता आणि इस्तारी हे आमच्या तळ्यावर मासे धरणारं जोडपं. त्यांची पोरगी डिंपल एका वाहिनीच्या गाण्याच्या स्पर्धेत निवडली गेली आणि मामासोबत मुंबईला गेली. दिवाळीपासून कुंतानं तिचं तोंड पाहिलं नव्हतं. रविवारी दुपारी पोरगी टीव्हीवर गाणार होती. शेजारणी चिडवायच्या, तू तर रडत बसशील. कुंता म्हणायची, "रडनार नाई. पाह्याले बसनार."

आणि शनिवारी वाहिनी गेली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. केबल ब्रह्मपुरीच्या बाबूभाईंची. सारं गाव त्यांच्या अंगावर धावून गेलं.

"मले काऊन खाता?" बाबूभाई म्हणाले. "कंपनीनं बंद केलं. म्हणते, आमचे बाराही चॅनेल घे, नाईतर हे एकही देत नाई. बाकीचे अकरा तुमच्यात कोण पाह्यते?"

इस्तारी भडकला. "मी वाम मागनाऱ्याच्या गळ्यात बेडकाची टोपली बांधतो का?"

आता आमच्या लोकांना कोंडून ठेवलेली एकच गोष्ट ठाऊक, ती म्हणजे पाणी. वरच्या गावानं तळ्याचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं भोक, बुजवून धरलं की खालच्या गावानं जाऊन ते उघडायचं, हा आज्या-पणज्यापासूनचा हक्क. राखणदार आडवा आला तर त्याला मारायचं नाही. खाटेसकट उचलून बांधावर ठेवायचं, आणि पाणी सोडायचं.

तेव्हा रविवारी सगळे तुडुम उघडायची पावडी आणि सब्बल घेऊन, बाबूभाईंनाही सोबत घेऊन, जीपमध्ये बसले. एवढे बसले, की ड्रायव्हरला टपावर जाऊन, खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरावं लागलं.

कंपनीच्या एजन्सीचं ऑफिस ब्रह्मपुरीच्या बस स्टँडजवळ होतं. आत खुशाल. आमच्याच तालुक्याचा पोरगा, पण गळ्यात टाय.

"तुडुम कुठी हाये, भाऊ?" कुंतानं विचारलं.

खुशाल पोट धरून हसला. "बाई, इथी तुडुम नसते. मुंबईत कम्प्युटरवर बटन दाबलं का बाबूभाईचं कार्ड बंद."

"मग त्यायले परत दाबाले सांग."

"आधी बाबूभाईले बाराही घ्या म्हना."

त्याच्या मागं भिंतीवर टीव्ही होता आणि त्यावर तीच वाहिनी चालू होती. बोलता बोलता पडद्यावर डिंपल आली. कुंताच्या तोंडून एवढंच निघालं, "वाळली वो." पोरीनं पहिली ओळ उचलली आणि खुशालनं रिमोट उचलला. टीव्ही बंद.

"हे ऑफिस हाये," तो म्हणाला. "तुमाले फुकट दाखवलं त उद्या सारा तालुका येईल."

बाबूभाई पुढं होऊन टेबलावर वाकले. "कागद दे. बारा घेतो, चोवीस घेतो. पहले टीव्ही लाव."

खुशालनं सही घेतली. शिक्का मारला. शाईवर फुंकर घातली. "झालं. मंजुरी आली का गुरुवारी चालू होईल."

"आन हा?" कुंतानं भिंतीकडं बोट केलं.

"हा ऑफिसचा."

मग चारी बाजूंनी हात लागले आणि खुशाल खुर्चीसकट वर गेला. लोकांनी त्याला एवढं उंच धरलं, की खाली यायच्या आत तो नागभीडचं स्टेशन पाहून आला म्हणतात. पानठेल्याजवळ रस्त्यावर खुर्ची टेकवली. आत बाबूभाईंनी टीव्ही लावला.

शेवटचं कडवं चाललं होतं. ते संपलं, डिंपलनं वाकून नमस्कार केला, आणि साबणाची जाहिरात लागली.

कुंता बाहेर आली. खुशाल टाय सोडवत उठत होता. तिनं खांदा दाबून त्याला परत बसवलं.

"आता आधीचं लाव."

"ते गेलं, बाई. परत नाई येत."

"कोंडलेलं पानी तळ्यात तरी राह्यते. तू बंद केलं तवा माही पोरगी गाऊन राह्यली होती. ते कुठी ठेवलं?"

खुशालनं इकडं तिकडं पाहिलं. आमच्यातलं कोणी हललं नाही. जीपवाला हॉर्न वाजवून थकला, आणि कुंताचा हात खुशालच्या खांद्यावर तसाच होता.