माशाचा डोळा

छत्रीच्या दुकानाच्या दाराची शेवटची फळी खाचेत बसेना, तेव्हा शेजारच्या पुस्तकांच्या दुकानातून बघत असलेल्या लाई यानछिंगना रुईफेनचं पत्र आठवलं. छत्रीवाल्याची रुईफेन. लग्न होऊन दूर मलेशियात, पेनांगला गेली, आणि किती वर्षांनी तिकडून विचारलं होतं, ‘फळ्या लावल्यावर आतून आपला मासा अजून दिसतो का? दिसत असेल तर एकदा येईन.’

उत्तर त्यांनी पुष्कळदा लिहिलं, पुष्कळदा फाडलं. फळ्या तेव्हा कुठल्याशा गोदामात गेल्या होत्या. गल्लीच पाडणार, असं म्हणत होते. ते कसं लिहायचं?

आता गल्ली पुन्हा उभी राहिली होती. कंदील नवे, धुकं तेवढं जुनं. फळ्याही परत आल्या होत्या, आणि दुरुस्तीवाली शाओमान त्यांच्याशी झोंबत होती.

"लाकूड फुगलंय मेलं! आजोबा, नुसते बघताय काय? जोडीला शिव्या तरी द्या."

लाईंनी घसा साफ केला. "फळ्यांवरचे आकडे... डावीकडून लावलेस?"

"मग कुठून लावतात?"

"चुकत असेन मी. पण तेव्हा उजवीकडून मोजत. दुकानाच्या पाट्याही तशाच वाचायचो."

शाओमान खदखदून हसली. "आणि मी सकाळपासून त्या मेलेल्या सुताराचा उद्धार करतेय! या, धरा हे टोक."

दोघांनी फळ्या काढल्या आणि आतून, उजवीकडून एकेक सरकवली. शेवटची अलगद बसली. आत अंधार झाला. फटींतला उजेड पाण्यासारखा हलू लागला. त्या उजेडात शेपटी, खवले, कल्ले जुळत गेले आणि फळ्याफळ्यांवरून एक लांबलचक मासा तरंगू लागला. लहानपणी रुईफेननं काढलेला. शाईची वाटी लाईंनी धरली होती.

त्यांचा हात फळीवर थांबला. "डोळा पुसलाय."

"एक ठिपका तर द्यायचाय. ब्रश आणते, तुम्हीच द्या."

"नको, नको." त्यांनी हात मागे घेतला. "राहू दे तसाच."

संध्याकाळी लाई पाकीट घेऊन गल्लीच्या तोंडाशी आले, तेव्हा शाओमान घरी निघाली होती. नव्या हिरव्या टपालपेटीपाशी मुली फोटो काढत होत्या.

"शाओमान, ही पेटी खरी की शोभेची?"

"खरी हो! रोज टपाल नेतात. प्रेमपत्र वाटतं?"

लाईंचे कान लाल झाले. पाकिटात दोनच ओळी होत्या. मासा आहे. डोळा तेवढा तुझ्यासाठी ठेवला आहे.

त्यांनी पाकीट अर्धं आत सरकवलं, थोडा वेळ तसंच धरून ठेवलं, आणि सोडलं.