हिरव्या पाण्याचं जाणं-येणं

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीच्या बॉनेटखाली राहणारी प्लास्टिकची बाटली आहे. एके काळी मी दुधासारखी पांढरी होते. आता धगीने पिवळी पडले आहे. माझ्या पोटावर दोन रेघा आहेत, एक खालची आणि एक वरची. माझं सारं आयुष्य त्या दोन रेघांच्या मधे गेलं.

इंजिनाला गार ठेवणारं हिरवं पाणी रेडिएटरमधून फिरत असतं. तापलं की ते फुगतं, रेडिएटरच्या झाकणातली स्प्रिंग उचलतं आणि रबरी नळीतून माझ्याकडे येतं. गाडी निवली की रेडिएटर ते परत ओढून घेतो. दुपारच्या झोपेत अंगावरचं पांघरूण कुणी हळूच ओढून न्यावं, तसं मला तेव्हा वाटायचं.

गाडी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांची. रोज सकाळी ते मला फडक्याने पुसत आणि म्हणत, "शहाणी गं माझी बाय!"

दारातून काकू म्हणत, "कधी माझंही कौतुक करा हो!"

पुढे नळी म्हातारी झाली. झाकणापाशी तिला बारीक चीर पडली. पाणी माझ्याकडे येई. पण परत न्यायच्या वेळी रेडिएटर त्या चिरेतून नुसती हवा ओढू लागला. मी भरलेलीच राहिले आणि तो आतून रिता होत गेला. मला ओरडता येत नव्हतं. काका मात्र खूश. "बघ, थेंबभर कमी होत नाही हिचं!"

काकू एकदा म्हणाल्या, "अहो, ही सदानकदा तितकीच कशी? हिला तहानभूक नाही का?" काका नुसते हसले.

मग तो दिवस आला. काकूंची थोरली बहीण दुसऱ्या दिवशी मुलाकडे निघाली होती, समुद्रापलीकडे, कायमची. तिचं घर डोंगरावर होतं. तिला निरोप द्यायला दोघं गाडीने निघाली. अर्ध्या चढावर इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेघेला भिडला आणि बॉनेटमधून वाफ उसळली. काकांनी गाडी बाजूला घेतली आणि फडकं घेऊन झाकणाकडे हात नेला.

"हात मागे घ्या!" काकू ओरडल्या. "कुकरचं झाकण तरी वाफ असताना उघडतो का आपण?"

"अगं, पण ताई वाट बघत असेल."

"बघू दे. भाजलेला नवरा घेऊन जाऊ का तिच्याकडे?"

दोघं झाडाच्या सावलीत बसून राहिली. पानं हलत होती, तापलेलं लोखंड टिकटिक करत निवत होतं, काकांच्या दुकानातल्या घड्याळांसारखं. काकू उगाच पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

इंजिन पुरतं गार झाल्यावर काकांनी झाकण उघडलं. आत ठणठणाट! ते माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी मला खोबणीतून काढून काकूंच्या हाती दिलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच मोकळ्या उन्हात आले. माझ्यातलं हिरवं पाणी काकूंच्या बांगड्यांवर चमकत होतं. त्यांनी ते हळूहळू रेडिएटरमध्ये ओतलं, वर प्यायचं सगळं पाणीही घातलं. मी रिकामी झाले आणि किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

थांबत थांबत, गाडी निववत ती दोघं वर पोचली, तेव्हा उन्हं कलली होती. ताई फाटकातच उभ्या होत्या.

"काय गं, नवऱ्याला गाडी ढकलायला लावलीस की काय?" एवढं म्हणून त्यांनी काकूंना जवळ घेतलं.

गावातल्या मेकॅनिकने नळी आणि झाकण बदललं. ताई मुलाकडे गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. काका अजून मला पुसतात. मात्र सकाळी एकदा पाहतात आणि गाडी फिरवून आणल्यावर पुन्हा एकदा. मग घराकडे तोंड करून सांगतात, "अगं, चढलं हं पाणी!"

मित्रांनो, माझ्यासारखीला नुसती भरलेली पाहून निश्चिंत होऊ नका. तिच्यातलं पाणी येतं-जातं का, तेही बघत जा. आताच काका आत गेले आहेत. गाडी निवते आहे, आणि माझं पांघरूण कुणीतरी हळूच ओढून नेतं आहे.