घुग्घुसचे दोन सेकंद

आमच्या झाडीपट्टी बास्केटबॉल पंच मंडळाची नियमावली बेचाळीस कलमांची आहे. त्यातली एकतीस मी लिहिली. उरलेली अकरा इतरांनी लिहिली, म्हणून ती कोणी पाळत नाही.

एकेका कलमामागे एकेक माणूस उभा आहे. पंचाने सामन्याआधी कोणत्याही संघाचा चहा घेऊ नये, हे कलम सहा. ते आमच्या डोमा पंचामुळे आलं. डोमा कुरखेड्याला एका संघाचा चहा प्यायला. दुसऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून त्यांचाही प्यायला. मग पहिल्यांनी आग्रह केला, मग दुसऱ्यांनी. असे बावीस कप झाले, आणि त्या सामन्यात दोन्ही संघांनी मिळून घेतले नसतील तेवढे टाइम आउट एकट्या डोमाने घेतले. कलम दोन शिटीचं. शिटी रस्त्याने रांगेत जाणाऱ्या कोळशाच्या तिसऱ्या ट्रकपर्यंत ऐकू गेली पाहिजे. माझी सातव्यापर्यंत जायची. एकदा तर ताडाळीच्या फाट्यावर एका ड्रायव्हरने ट्रक उभा केला आणि पायी मागे येऊन मला विचारलं, "फाऊल कोनाचा होता, भाऊ?" खोटं वाटत असेल तर तो ड्रायव्हर शोधा. मीही शोधतोच आहे.

आणि कलम नऊ. नव्या पंचाला परीक्षेचे तीन सामने. तिन्ही वेळा नापास झाला तर मंडळाचं दार त्याला जन्मभर बंद. हेही माझंच. तेव्हा मी तरुण होतो, आणि चुका फक्त दुसऱ्यांच्या हातून होतात अशी माझी समजूत होती.

साक्षी खोब्रागडे दोनदा नापास झाली होती. ही कुरखेड्याची पोरगी. धान खरेदी केंद्रावर काट्याशी बसते आणि परक्याचा कट्टा, म्हणजे धानाचं पोतं, अन् मामाचा कट्टा एकाच नजरेने तोलते. म्हणून मामा दोन वर्षांपासून तिच्याशी बोलत नाही. पहिल्या परीक्षेत तिची शिटी दुसऱ्या ट्रकपर्यंतच गेली. दुसऱ्या परीक्षेला येताना बस चिखलात रुतली. हिने उतरून ढकलली, बूट माखले, आणि आमचे अध्यक्ष राजदीप यांनी कलम पाच दाखवलं: बूट काळे आणि स्वच्छ. वरून तिने पुसले होते, पण राजदीपने खालून पाहिले.

तिसरा सामना मागच्या जानेवारीत, घुग्घुसच्या मैदानावर होता. पोरींचा अंतिम सामना, एका बाजूला घुग्घुसचा काळा हिरा क्लब, दुसऱ्या बाजूला एटापल्लीकडच्या एका आश्रमशाळेच्या पोरी. मुख्य पंच साक्षी, आणि परीक्षक म्हणून मी. माझ्या कागदावर 'पास' आलं तर ती सभासद. नाही आलं तर पुढे आयुष्यभर ती प्रेक्षकांत.

नियम पाऊण तास आधी यायचा. ती सव्वा तास आधी येऊन उभी होती.

"सोमाजीभाऊ, बूट पाहून घ्या जी."

"पाह्यले."

"खालून पन पाहा. माह्या बुटाचे खालून फोटो काढून ठेवले हायेत मी, बसमधून उतरल्या उतरल्या. तारीख-वेळेसकट."

"पोरी, तू पंच व्हाले आली का वकील?"

"तुमच्या मंडळात दोन्ही व्हा लागते, भाऊ."

मी वाकून बूट खालूनही पाहिले. खरं बोलणाऱ्याशी वाद घालू नये, हे कुठल्या कलमात नाही, पण मला समजतं.

राजदीपने छातीवर मंडळाचा बिल्ला लावला होता आणि डोक्यावर काळा हिराची टोपी घातली होती. पंचाने कोणत्याही संघाशी नातं दाखवू नये, असं कलम तीन म्हणतं. त्याचं म्हणणं, कलम पंचाला आहे, अध्यक्षाला नाही. काळा हिराची कप्तान खुशबू ही त्याच्या सख्ख्या भावाची पोरगी, तेव्हा टोपी रक्तातूनच आली होती.

टेबलावर कय्यूम बसला होता. चौकात त्याचं बॅटरीचं दुकान आहे. मंडळाचं विजेवरचं घड्याळ धुळीने गुदमरून मेलं, तेव्हापासून वेळ कय्यूमच्या हातातल्या स्टॉपवॉचवर चालते, आणि वेळ संपली की तो बॅटरीला जोडलेला ट्रकचा हॉर्न दाबतो. त्या हॉर्नने एकदा रेल्वे फाटक आपोआप उघडलं होतं, पण ते राहू द्या.

सामना दोनला सुरू होऊन साडेतीनला संपायचा होता. पण पाहुण्यांनी उद्घाटनाला आपल्या तरुणपणच्या कबड्डीवर भाषण केलं, आणि एकेक पकड सविस्तर सांगितली. एटापल्लीच्या पोरी तोवर उभ्या उभ्या एकमेकींच्या वेण्या घालत राहिल्या. त्यांचे शिक्षक लालसूसर मला हळूच म्हणाले, "गुरुजी, साहेबांची पहिली पकड सुटली की आमची मॅच चालू होईल ना?"

मॅच मात्र झाली अशी, की बांबूच्या गाडीचे बैलही चारा सोडून पाहत होते. खुशबू बॉल घेऊन सुटली की धूळ तिच्या मागे धावायची आणि दमून बसायची. तिकडे मैनी पुंगाटी नावाची एक सडसडीत पोरगी. ती उडी मारायची, वर जरा इकडे तिकडे पाहायची, आणि मग ठरवून खाली यायची. साक्षी दोघींच्या मधून पळत होती. शिटी नेमकी, हात सरळ, चेहऱ्यावर ना मामा ना परका. मी कागदावर मार्क टाकत होतो आणि मनात म्हणत होतो, पोरगी पास.

शेवटचे पाच सेकंद राहिले. घुग्घुस एक्कावन्न, एटापल्ली पन्नास. बॉल एटापल्लीचा, बाजूच्या रेषेवरून आत फेकायचा होता. साक्षीने तो फेकणारीच्या हातात दिला.

आणि खाणीचा चारचा भोंगा झाला.

आता घुग्घुसात भोंगा काय असतो, हे बाहेरच्याला सांगावं लागेल. पाळी बदलली की तो होतो, आणि गाव त्यावर जेवतं, निजतं, उठतं. मी सदतीस वर्षं खाणीत फिटर होतो. माझ्या लग्नात हार घालायच्या वेळेला भोंगा झाला आणि मी हार खाली ठेवून डबा शोधायला निघालो. केसरबाई चार मिनिटं तशीच उभी होती. चाळीस वर्षं झाली, ती चार मिनिटं अजून संपली नाहीत.

तर भोंगा झाला, आणि काळा हिराच्या पाचही पोरींचे हात खाली आले. खेळ संपला असं डोक्याला वाटायच्या आधी अंगाला वाटलं. त्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या. प्रेक्षक उठले, दोनशे मोटारसायकलींना किक बसली. कय्यूमने डाव्या मनगटावरचं घड्याळ भोंग्याशी जुळवायला हात वर केला. राजदीपने टोपी उडवली. आणि मी, एकतीस कलमांचा बाप, मी कागदावर 'घुग्घुस विजयी, ५१-५०' लिहून सही ठोकली, पेन खिशात टाकलं आणि डबा म्हणून शेजारच्याचं हेल्मेट उचललं.

मैनीला मात्र भोंगा हा नुसता आवाज होता, वेळ नव्हती. तिने बॉल झेलला, दोन टप्पे घेतले, वर गेली, इकडे तिकडे पाहिलं आणि बॉल जाळीत सोडून खाली आली.

तेव्हा शिटी वाजली. भोंग्याला चिरत गेली. तिसरा ट्रक सोडा, सिमेंटच्या कारखान्यातल्या चिमणीवरची कबुतरं उडाली. साक्षी बास्केटखाली उभी होती, दोन बोटं खाली झुकवून. बास्केट मान्य, दोन गुण. एटापल्ली बावन्न.

राजदीप मैदानात आला. "साक्षी, मॅच संपली बाई. हात खाली कर."

"नाई संपली जी. दोन सेकंद बाकी हायेत."

"भोंगा नाई आयकला का तू?"

"आयकला ना. तो खाणीचा हाये. मॅचचा भोंगा कय्यूमभाऊच्या टेबलावर हाये, तो वाजलाच नाई."

"सारं गाव उठलं, अन् तू म्हनतं संपली नाई?"

"गाव उठलं म्हनून टाइम उठत नसते, भाऊ."

राजदीपने आवाज खाली घेतला. मी तिथेच हेल्मेट घेऊन उभा होतो, म्हणून ऐकू आलं. "तुही तिसरी बारी हाये हे. इथून नापास झाली त पुन्हा हे मैदान नाई. समजून राह्यलं ना?"

 साक्षीची दोन बोटं होती तिथेच राहिली. "समजते. म्हनूनच सांगून राह्यली. दोन सेकंद."

सगळे कय्यूमकडे वळले. त्याने स्टॉपवॉच वर धरलं. शेवटच्या दोन मिनिटांत बास्केट झाली की वेळ थांबवायची, हा नियम. "बाईने सिटी मारली, आपुनने बटन दाबला," तो म्हणाला. "डावा हात भोंग्याकडे होता, उजवा बाईकडे. देख लो, दो सेकंद." मीही पाहिलं. तोलाच्या काट्यासारखं स्वच्छ होतं.

राजदीप हसला आणि माझ्या हातातला कागद ओढून त्याने तो लोकांना दाखवला. "मंग हे काय हाये? परीक्षकानं निकाल लिहून सही केली. सोमाजीभाऊपेक्षा जास्त नियम कोनाले येते, सांगा."

कोणाला येत नाहीत, हे खरंच होतं. साक्षीने माझ्याकडे पाहिलं. तिने काही मागितलं नाही. मागितलं असतं तर मला सोपं गेलं असतं, चिडलो तरी असतो.

कलम एकतीस असं आहे: परीक्षकाची चूक झाल्यास ती त्याने मैदानाच्या मधल्या वर्तुळात उभं राहून, स्वतःच्या तोंडाने, मोठ्याने सांगावी. मी ते डोमाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं होतं. लिहिताना 'मोठ्याने' हा शब्द घालायची मला कोण गरज वाटली होती, देव जाणे.

रेषेपासून वर्तुळापर्यंत चौदा पावलं आहेत. त्या दिवशी ती एटापल्लीएवढी लांब झाली. मी मध्ये जाऊन उभा राहिलो आणि जन्मात पहिल्यांदा लोकांसमोर एक गोष्ट जशी घडली तशीच सांगितली.

"मी सोमाजी, परीक्षक. पाच सेकंद बाकी असताना खाणीचा भोंगा आयकून उठलो. निकाल चुकीचा लिहिला. कारन कायबी नाई, सवय. या मैदानात शुद्धीवर तीनच मानसं होते. एक एटापल्लीची पोरगी, एक कय्यूमचा अंगठा, अन् एक पंच. सही मी कापून राह्यलो."

आणि राजदीपच्या हातातला कागद परत घेऊन, आडवी रेघ मारून कापली. लोक आधी हसले. मग हसता हसता एकेक जण स्वतःकडे पाहू लागला, कारण निम्म्यांच्या हातात गाडीच्या चाव्या होत्या.

राजदीप म्हणाला, "मंग आमची टीम येत नाई मैदानात."

तेव्हा खुशबू पुढे आली. "काका, आपन एका पॉइंटनं मागं हाओत."

"मंग?"

"मंग नाई खेळलो त हारलोच ना. बाई दोन सेकंद देऊन राह्यली त घेऊ द्या. तुम्ही टोपी घाला अन् बसा."

राजदीपने टोपी घातली नाही. पण बसला.

दोनशे गाड्या बंद झाल्या. फाटकाबाहेर गेलेले परत आले. दुसरी पाळी त्या दिवशी सात मिनिटं उशिरा खाली उतरली, आणि खाणीच्या साहेबाला कारण विचारता आलं नाही, कारण साहेब स्वतःच मैदानावर होता. साक्षीने रेषेवर काळा हिराच्या पोरीला बॉल दिला. खुशबूने तो झेलला, वळली आणि मैदानाच्या पार पलीकडून फेकला.

बॉल हवेत असताना कय्यूमचा हॉर्न वाजला. बॉल आत गेला तर गुण धरायचा, कारण हातातून आधी सुटला होता. तो कड्यावर आदळला, उभा राहिला, फिरायला लागला. किती फिरला म्हणून विचारू नका. माझ्या शेजारच्याने तंबाखू-सुपारीचा खर्रा पुडीतून सोडला, घोटला, तोंडात टाकला आणि अर्धा मला दिला, तरी फिरतच होता. शेवटी बॉलने एटापल्लीच्या बाजूला पाहिलं आणि बाहेर पडला.

साक्षीने हात खाली आणला. सामना संपला. एटापल्ली बावन्न, घुग्घुस एक्कावन्न.

लालसूसरांना पोरींनी उचललं, मग मैनीला उचललं, मग चुकून पाहुण्यांनाही उचललं. आणि हरलेल्या घुग्घुसने काय करावं? दोनशे मोटारसायकलींचे हॉर्न एका दमात वाजवले. खुशबूने मैनीचा हात धरून मैदानाला फेरी मारली. जिंकल्याची मजा त्या गावाने पुष्कळदा घेतली होती, पण स्वतःच्या भोंग्यावर मात झालेली त्याने पहिल्यांदाच पाहिली.

मी नवा कागद घेतला. पंचाने स्वतःच्या चुका लिहायचा एक रकाना त्यात असतो. बहुतेक जण तिथे आडवी रेघ मारतात. साक्षीने लिहिलं: "सामना लांबणार हे दिसत असूनही भोंग्याची वेळ आधी विचारून दोन्ही संघांना सांगितली नाही." मी खाली 'पास' लिहिलं, सही केली आणि या वेळी पेन खिशात घालायच्या आधी घड्याळ पाहिलं.

बिल्ला अध्यक्षानेच लावायचा असतो. राजदीपने लावला. पिन टोचू नये म्हणून फार जपून लावला, हे मी त्याच्या बाजूने सांगतो. "बूट चांगले हायेत तुहे," तो म्हणाला.

"खालून पाहा," साक्षी म्हणाली, आणि तो हसला.

पुढच्या रविवारी चंद्रपूरला मंडळाची सभा झाली. नव्या सभासदाला पहिला ठराव मांडायचा मान असतो. साधारणपणे आभाराचा मांडतात. साक्षी उभी राहिली आणि तिने वाचलं: कलम एकतीसच्या पुढच्या ओळीनुसार चूक कबूल करणाऱ्या परीक्षकाला तीन सामने सक्तीची विश्रांती द्यावी. ती पुढची ओळही माझीच होती. मी विसरलो होतो, ती विसरली नव्हती.

कोणी हात वर करायला धजेना. सगळे माझ्याकडे पाहत होते.

इतिवृत्तात पुढचं असं नोंदलं आहे, आणि यात एक शब्दही मी वाढवलेला नाही: ठराव एकमताने मंजूर. सूचक, साक्षी खोब्रागडे, सभासद क्रमांक एकोणचाळीस. अनुमोदक, सोमाजी, ज्यांच्याविरुद्ध ठराव होता ते.