मांडीचा मान

आमच्या कानिफनाथाचे केस विंचरायचे म्हणजे रोजची लढाई. पाच वर्षांचं कार्टं, पण केस कमरेपर्यंत. सासूबाईंचा नवस होता: पोराला पाच वर्षं पुरी झाली की मढीला नाथांसमोर जावळ काढायचं, तोवर कात्री लावायची नाही. नवस त्यांनी बोलायचा आणि गुंता मी सोडवायचा! तेल, फणी, उवा आणि आरडाओरडा. मीही काही गरीब गाय नाही, रागाच्या भरात कितीदा फणी अंगणात भिरकावली आहे. पण वेणी घालून झाली की ते ध्यान आरशात बघून असं हसायचं, की माझा राग कुठल्या कुठे पळायचा.

तर जावळाचा दिवस म्हणजे माझ्या सुटकेचा दिवस. देवळाली प्रवराहून सगळं गणगोत टेम्पोत बसून मढीला आलं. सोनईहून माझा भाऊ अमृत भाच्याला नवे कपडे घेऊन आला. जावळ मामाच्या मांडीवर काढतात, तो त्याचा मान. न्हावीकाकांनी वस्तऱ्याला नवं पातं लावलं, आणि बघतो तर आमचे राजे गायब. सापडले ते टेम्पोच्या टपावर.

"मी न्हाई येनार!"

कुणी कुल्फी कबूल केली, कुणी खेळण्यातला ट्रॅक्टर. पोरगं हलेना.

"ए ताई, उतर की खाली!" अमृत टपावरच्या भाच्याकडे बघून ओरडला. सगळे हसले.

"भ्यालंय वस्तऱ्याला," माझा नवरा म्हणाला. "दोघं जनं वर चढा अन् आना धरून."

हातपाय धरून, किंचाळत्या पोराच्या डोक्यावरून वस्तरा फिरवायचा? एवढी वर्षं वाट पाहिली ती यासाठी? त्याला दोन फटके द्यावेत असं मलाही वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पण मी पदर कमरेला खोचला आणि चाकावर पाय देऊन टपावर चढले. खाली बायांनी तोंडाला पदर लावले.

"कान्या, केस ठेवायचेत का तुला?"

"न्हाई. कापायचेत."

"मग रं?"

"मामाच्या मांडीवर न्हाई बसनार. मामा मला ताई म्हनतो. समद्यांम्होरं." त्याची हनुवटी थरथरायला लागली.

एवढंच होतं! वस्तऱ्याचं भय नव्हतंच त्याला. माझं पोर भित्रं नव्हतं, मानी होतं. मला इतका अभिमान वाटला की तिथेच त्याचा मुका घेतला. मग टपावर उभी राहून मी सुनावलं, "अमृत, माझं पोर तुझ्या मांडीवर बसनार न्हाई. माझ्या मांडीवर बसंल."

"अगं पंकजा!" सासूबाई खालून म्हणाल्या. "मामाला सोडून कुटं जावळ काढत्यात व्हय? नाथ काय म्हनतील?"

"आत्याबाई, नाथांना रडतं पोर आवडंल का हसतं, तुमीच सांगा."

अमृतचा चेहरा उतरला. कानिफ खाली आल्यावर तो त्याच्यासमोर उकिडवा बसला. "चुकलं माजं, भाचेबुवा. परत न्हाई म्हननार." कानिफनं मान डोलावली, पण बसला माझ्याच मांडीवर, ताठ. अमृतनं आपला नवा कोरा टॉवेल पसरला आणि पडणारी एकेक बट झेलली. पोराच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवून ते असं खदखदून हसलं की न्हावीकाकाही हसले.

मागे नंबर लावून बसलेल्या एका म्हातारीनं सासूबाईंना विचारलं, "आवं बाई, आईच्या मांडीवर कसं काय?"

मी सासूबाईंकडे बघितलं.

सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "आमच्यात आईच्याच मांडीचा मान असतोय," त्या ठसक्यात म्हणाल्या.

म्हातारीनं जरा विचार केला आणि मागे वळून आपल्या सुनेला हाक मारली, "ये गं, तूच बस बाळाला घिऊन."